पाठीवर इंजिन, पोटात काय?



दिवाळीची झाडझूड सुरू झाली, की घरातल्या जुन्या ट्रंका माळ्यावरून खाली येतात. त्यांत काय काय निघतं! फुटकी दौत, पितळी कुलूप, कुणाचं तरी लग्नाचं फेट्याचं कापड आणि एखाद्या वेळी फडक्यात गुंडाळलेलं, साखळी लावलेलं गोल गरगरीत घड्याळ. मनगटावर बांधायचं नव्हे, खिशात ठेवायचं. उलटं करून पाहावं तर पाठीवर आगगाडीचं इंजिन कोरलेलं! मग घरात एकच चर्चा. कोणी म्हणतं, "हे रेल्वेचं घड्याळ आहे, लाखाला जाईल." कोणी म्हणतं, "बंद पडलंय, भंगारात टाका." बहुतेक वेळा दुसऱ्याचंच ऐकलं जातं. नाहीतर ते सोनाराकडे जातं. सोनार चांदीचं झाकण वजन करून ठेवून घेतो आणि आतलं यंत्र पुडीत बांधून परत देतो.

या दोघांपैकी कोणाचंही ऐकण्याआधी ते घड्याळ नीट बघायला हवं. जुनं घड्याळ बोलतं, पण त्याला प्रश्न विचारता आले पाहिजेत. ते प्रश्न आज आपण शिकू.

आता ही घड्याळं आपल्याकडेच का सापडतात? कारण आपला वर्धा जिल्हा रेल्वेचा जिल्हा आहे. मुंबईहून निघालेली ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे, म्हणजे जी.आय.पी. रेल्वे, १८६७ मध्ये नागपूरला पोचली ती वर्ध्यावरूनच. वर्धा शहर तेव्हा नुकतंच वसत होतं. पालकवाडी नावाच्या खेड्याच्या जागी १८६६ मध्ये ते आखून वसवलं गेलं. म्हणजे गाव आणि गाडी जवळजवळ एका वयाची! पुढे हिंगणघाटवरून वरोऱ्याच्या कोळशाकडे फाटा गेला. पुलगावहून आर्वीकडे लहान रुळांची गाडी धावू लागली, ती आता बंद झाली. आज ज्या स्टेशनाला आपण सेवाग्राम म्हणतो त्याचं जुनं नाव वर्धा पूर्व. इतकी स्टेशनं, इतके रूळ, म्हणजे तितके गार्ड, ड्रायव्हर, स्टेशनमास्तर, सांधेवाले आणि गँगमन. त्यांची नातवंडं-पतवंडं म्हणजे तुमच्यापैकीच कितीतरी जण.

वेळ कोणाची?

घड्याळाकडे वळण्याआधी एक गंमत. रेल्वे येण्यापूर्वी प्रत्येक गावाची वेळ वेगळी असायची. सूर्य डोक्यावर आला की दुपारचे बारा. पण सूर्य सगळ्या गावांच्या डोक्यावर एकदम येत नाही. पृथ्वीला एक रेखांश फिरायला ४ मिनिटं लागतात. वर्धा साधारण ७८.६ पूर्व रेखांशावर आहे आणि मद्रास, म्हणजे आजचं चेन्नई, ८०.२५ वर. फरक १.६५ रेखांशांचा. त्याला ४ ने गुणा. साडेसहा मिनिटांच्या वर उत्तर येईल. म्हणजे मद्रासला बारा वाजतात तेव्हा वर्ध्याच्या सूर्यानुसार बाराला साडेसहा मिनिटं कमी असतात.

बैलगाडीला या फरकाशी काही देणंघेणं नव्हतं. आगगाडीला होतं. प्रत्येक स्टेशन आपापल्या सूर्यावर चाललं तर वेळापत्रक छापायचं कसं? म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या काही दशकांत भारतातल्या रेल्वे मद्रासची वेळ पाळत होत्या. मद्रासच्या वेधशाळेत वेळ ठरायची आणि तारेने स्टेशनांना कळायची. १ जानेवारी १९०६ पासून ८२.५ रेखांशावरची भारतीय प्रमाणवेळ आली. तिच्या मानाने आपला वर्ध्याचा सूर्य साडेपंधरा मिनिटं मागे आहे. हे गणित तुम्हीच करून पाहा. मुंबईकरांना मात्र आपली वेळ सोडवेना. तिथे 'मुंबई टाइम' १९५५ पर्यंत टिकून होता, आणि तो प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे होता.

रेल्वेच्या नियमांत आजही एक सुंदर नियम आहे. प्रमाणवेळ रोज १६ वाजता, म्हणजे दुपारी चारला, मुख्य स्टेशनांना कळवायची. गाडी सुटण्याआधी गार्डने आपलं घड्याळ स्टेशनच्या घड्याळाशी मिळवायचं, मग ती वेळ ड्रायव्हरला सांगायची, आणि ड्रायव्हरने आपलं घड्याळ त्याप्रमाणे लावायचं. गार्डला २०२२ पासून 'ट्रेन मॅनेजर' म्हणतात, ड्रायव्हरला 'लोको पायलट'. नावं बदलली, पण गाडी हलण्याआधी दोघांची घड्याळं जुळलीच पाहिजेत, हे बदललं नाही.

चार मिनिटांची गोष्ट

घड्याळ चुकलं तर काय होतं, याची शिकवण अमेरिकेला फार महागात मिळाली. एप्रिल १८९१ मधली गोष्ट. ओहायो राज्यात किप्टन नावाचं छोटं स्टेशन होतं. तिथे एकाच रुळावर दोन गाड्या समोरासमोर येत होत्या. एक साधी पॅसेंजर, दुसरी वेगवान टपालगाडी. पॅसेंजरने किप्टनला बाजूच्या रुळावर जाऊन टपालगाडीला वाट द्यायची, असं ठरलेलं होतं. पण पॅसेंजरच्या ड्रायव्हरचं घड्याळ वाटेत चार मिनिटं बंद पडलं आणि पुन्हा आपोआप सुरू झालं, असं सांगतात. घड्याळ चालू दिसत होतं, म्हणून त्याला शंका आली नाही. आपल्या हातात वेळ आहे असं त्याला वाटलं. तो वेळ नव्हताच. टक्कर झाली. दोन्ही ड्रायव्हर गेले, आणि टपालाच्या डब्यात पत्रं निवडत बसलेली माणसंही गेली.

मुलांनो, बंद पडलेलं घड्याळ निदान खरं बोलतं. काटा हलत नाही हे दिसतं. चालता चालता थोडं थांबून पुन्हा चालू लागणारं घड्याळ जास्त घातक. कारण ते बिघडलंय हे कळतच नाही.

या अपघातानंतर त्या रेल्वेने वेब बॉल नावाच्या क्लीव्हलंडच्या घड्याळवाल्याला बोलावलं आणि घड्याळं तपासायचं काम त्याच्याकडे सोपवलं. त्यातून १८९३ च्या सुमारास रेल्वेच्या घड्याळांचे कडक नियम तयार झाले. पुढे ते अमेरिकेतल्या बऱ्याच रेल्वेंनी उचलले. नियम साधारण असे होते:

तबकडी पांढरी, आकडे ठळक काळे, काटे ठळक काळे. तबकडीवर झाकण नको. चावी द्यायचं बोंड बरोबर १२ च्या डोक्यावर. आत कमीत कमी १७ खडे. घड्याळ आठवड्यात ३० सेकंदांपेक्षा जास्त पुढे-मागे जाता कामा नये. आडवं, उभं, डावीकडे कलतं, उजवीकडे कलतं अशा पाच तऱ्हांनी ठेवलं तरी वेळ बरोबर दाखवली पाहिजे. आणि थंडी-उन्हाळ्यात, म्हणजे साधारण १ अंशापासून ३८ अंश सेल्सिअसपर्यंत, बिघडलं नाही पाहिजे. आपल्या वर्ध्याचा मे महिना बॉलसाहेबांनी पाहिला असता, तर हा आकडा त्यांना वाढवावा लागला असता!

आठवड्यात ३० सेकंद म्हणजे किती बारीक काम, ते पाहा. एका आठवड्यात ६,०४,८०० सेकंद असतात. त्याला ३० ने भागा. म्हणजे वीस हजारांहून जास्त सेकंदांत फक्त एका सेकंदाची चूक! आणि ही चूक मोजायची कशात? तर ड्रायव्हरच्या खिशात, जिथे इंजिनाचे धक्के, कोळशाची धूळ आणि भट्टीची धग होती.

भारतात मात्र सगळा भार घड्याळावर नव्हता. आपल्याकडे पुढच्या स्टेशनचा मास्तर तारेवरून 'लाइन क्लिअर' देई, तेव्हाच गाडी सुटे. एकेरी मार्गावर ड्रायव्हरच्या हातात टोकन दिलं जाई. टोकन हातात नसेल तर गाडी पुढे नाही. अमेरिकेत बऱ्याच मार्गांवर गाड्या नुसत्या वेळापत्रकावर आणि लेखी हुकमावर चालत. म्हणून तिथले घड्याळाचे नियम इतके कडक. तेव्हा आपल्या आजोबांचं घड्याळ त्या अमेरिकन नियमांत बसलं नाही, तर ते रेल्वेचं नव्हतंच, असं लगेच म्हणू नका.

आता घड्याळ हातात घ्या

पहिला प्रश्न: तोंड उघडं की झाकलेलं? काही घड्याळांना तबकडीवरही धातूचं झाकण असतं, बोंड दाबलं की ते टपकन उघडतं. शिकारीला घोड्यावरून जाणाऱ्यांची काच फुटू नये म्हणून ही सोय, असं म्हणतात. म्हणून इंग्रजीत त्याला 'हंटर' हेच नाव पडलं. झाकणाच्या मधोमध लहान गोल खिडकी असेल तर ते 'हाफ हंटर'. दिसायला फार ऐटबाज! पण ड्रायव्हरचा एक हात यंत्रावर असताना दुसऱ्या हाताने झाकण कोण उघडत बसणार? म्हणून रेल्वेला उघड्या तोंडाचं घड्याळ लागे.

दुसरा प्रश्न: बोंड कुठे आहे? उघड्या तोंडाच्या घड्याळात ते १२ वर असतं आणि सेकंदाची छोटी तबकडी ६ वर. झाकणवाल्यात बोंड ३ वर असतं. तोंड उघडं आणि बोंड ३ वर असं दिसलं, तर समजा की झाकणवाल्याचं यंत्र कोणीतरी दुसऱ्या डबीत बसवलं आहे. बोंड घट्ट, नुसतं फिरवून चावी बसत नाही आणि पाठीमागे लहानसं भोक आहे? मग ते वेगळ्या किल्लीने चावी द्यायचं, आणखी जुन्या तऱ्हेचं घड्याळ असणार. ती किल्ली ट्रंकेतच कुठेतरी पडली असेल. शोधा!

तिसरा प्रश्न, आणि हा माझा सगळ्यात आवडता: काटे कसे फिरतात? साध्या घड्याळात बोंड बाहेर ओढलं की काटे फिरवता येतात. पण खिशातून घड्याळ काढताना बोंड चुकून ओढलं गेलं आणि काटा पाच मिनिटं सरकला तर? म्हणून अमेरिकन रेल्वेच्या घड्याळात बोंड ओढून काटे फिरतच नाहीत. पुढचं काचेचं कडं पेच फिरवून काढायचं, तबकडीच्या काठाशी लपलेली बारीक दांडी नखाने बाहेर ओढायची, मग बोंड फिरवून वेळ लावायची आणि दांडी परत आत ढकलायची. एवढा खटाटोप मुद्दाम ठेवलेला! वेळ बदलायची तर विचार करून बदला, चुकून नाही. अशी दांडी सापडली तर तुमच्या हातात बहुधा कामाचं, कसोटीला उतरलेलं घड्याळ आहे.

चौथा प्रश्न: तबकडीवर काय लिहिलंय? काही तबकड्यांवर १ ते १२ च्या बाहेर १ ते ६० पर्यंत प्रत्येक मिनिटाचा आकडा छापलेला असतो, म्हणजे '१० वाजून ३७' वाचताना मोजत बसायला नको. काहींवर आतल्या गोलात १३ ते २४ आकडे असतात. कॅनडाच्या रेल्वेत २४ तासांची वेळ फार आधी आली. आपल्याही रेल्वेच्या वेळापत्रकात रात्री ८ ला २०.०० च छापतात. क्वचित एखाद्या तबकडीवर चावी किती उरली ते दाखवणारा चिमुकला तिसरा काटा असतो, मोटारीच्या पेट्रोलच्या काट्यासारखा. असं घड्याळ मिळालं तर नशीबवान समजा. आपल्याकडे तबकडीवर 'वेस्ट एंड वॉच कंपनी' आणि खाली 'बॉम्बे - कलकत्ता' असं पुष्कळदा वाचायला मिळतं. ही घड्याळं बनायची स्वित्झर्लंडमध्ये, विकली जायची हिंदुस्थानात. 'सेकंडस', 'सोवर प्राइमा' ही त्यांचीच नावं.

पाचवा प्रश्न: पाठीवर अक्षरं आहेत का? इंजिनाच्या चित्रापेक्षा अक्षरं महत्त्वाची. जी.आय.पी.आर. अशी इंग्रजी अक्षरं आणि शेजारी एखादा क्रमांक कोरलेला असेल, तर ते रेल्वेच्या मालकीचं असण्याचा संभव मोठा. क्रमांक असतो तो हजेरीच्या वहीत नोंद ठेवण्यासाठी. शिवाय त्यातून काळही कळतो. जी.आय.पी. रेल्वे ५ नोव्हेंबर १९५१ ला मध्य रेल्वेत विलीन झाली. म्हणजे ती अक्षरं त्याआधीची. बी.एन.आर. असेल तर बंगाल-नागपूर रेल्वे. एन.एस.आर. असेल तर निजामाची रेल्वे. तिचे रूळ बल्लारशाकडे आपल्या रुळांना येऊन मिळाले.

सहावा प्रश्न: पोटात काय आहे? याचं उत्तर तुम्ही शोधायचं नाही. सुरीने, स्क्रू ड्रायव्हरने झाकण उचकटायचं नाही! गावातल्या जुन्या घड्याळजीकाकांकडे जा. ते डोळ्याला भिंग लावतील, झाकण अलगद उघडतील आणि तुम्हाला दाखवतील. आत यंत्रावर कंपनीचं नाव, क्रमांक आणि खड्यांची संख्या कोरलेली असते. वॉल्थॅम, एल्जिन, हॅमिल्टन यांसारख्या अमेरिकन कंपन्यांच्या क्रमांकांच्या याद्या प्रसिद्ध आहेत. त्यावरून घड्याळ कोणत्या वर्षाच्या आसपास बनलं ते काढता येतं. मात्र क्रमांक यंत्रावरचा घ्यायचा, डबीवरचा नाही. कारण पूर्वी यंत्र आणि डबी वेगवेगळी विकत मिळत. दुकानात यंत्र निवडायचं, ऐपतीप्रमाणे डबी निवडायची. डबी झिजली की नवी घालायची. म्हणून पाठीवरून पोटाचा अंदाज करता येत नाही.

लाल खडे आणि खोटी चांदी

"आत १७ माणकं आहेत!" असं ऐकून आईबाबांचे डोळे चमकतील. त्यांना आधीच सांगा. घड्याळातले लाल खडे दागिन्यासाठी नसतात. आतल्या चाकांचे आस सारखे फिरत असतात. धातूवर धातू घासला की झिजतो, म्हणून आसाच्या टोकाखाली कठीण खड्याची वाटी बसवतात. बॅलन्सचं चाक बहुतेक जुन्या घड्याळांत सेकंदाला पाच ठोके देतं. दिवसाचे झाले ४,३२,०००. एवढा घास सोसायला माणिकच हवं. पण १९०२ नंतर कृत्रिम माणिक कारखान्यात बनू लागलं, आणि ते स्वस्त झालं. तेव्हा खडे मोजा, पण विकायला काढू नका.

तसंच 'जर्मन सिल्व्हर' असं लिहिलं असेल तर त्यात चांदी औषधालाही नसते. ते तांबं, निकेल आणि जस्त यांचं मिश्रण. आणि सोनेरी डबीच्या आत '२० वर्षांची हमी' असं इंग्रजीत कोरलेलं दिसलं, तर ती घड्याळाची हमी नव्हे. वर चढवलेला सोन्याचा पत्रा २० वर्षं झिजणार नाही, अशी ती हमी. म्हणजे ते सोनं नाही, याची कबुलीच.

इंजिनवालं घड्याळ

आता त्या इंजिनाच्या चित्राबद्दल. माझ्या वर्गातला एक मुलगा असंच घड्याळ घेऊन आला होता. "गुरुजी, हे आमच्या आबाजीचं घड्याळ व्हय. रेल्वेनं इनाम देल्लं होतं त्यायले." आबाजी गँगमन होते. त्याच्या घरी ही गोष्ट तीन पिढ्या सांगितली जात होती. आम्ही दोघं घड्याळजींकडे गेलो. त्यांनी झाकण उघडलं. आत एकही लाल खडा नाही. चाकंही मोजकी. पाठीवर इंजिन होतं, पण अक्षर एकही नव्हतं आणि क्रमांक नव्हता. घड्याळजी म्हणाले, "हे रॉसकॉफ पद्धतीचं. साधं घड्याळ आहे." मुलाचा चेहरा एवढासा झाला.

रॉसकॉफ हे कोण? जॉर्ज फ्रेडरिक रॉसकॉफ हा स्वित्झर्लंडमधला घड्याळजी. त्याच्या मनात होतं, की कामगाराला परवडेल असं चांगलं घड्याळ करायचं. किंमत फक्त २० फ्रँक. त्या काळी घड्याळ म्हणजे श्रीमंतांची चैन. बाकीचे घड्याळजी त्याला हसले. त्याने यंत्रातली चाकं कमी केली, भाग ५७ वर आणले, महागड्या खड्यांऐवजी पोलादी पिना बसवल्या. १८६७ च्या पॅरिसच्या प्रदर्शनात त्याला पदक मिळालं. हे तेच वर्ष, जेव्हा आपल्याकडे गाडी नागपूरला पोचली. पुढे अनेकांनी त्याची नक्कल केली आणि लोकांना 'रेल्वेइतकं अचूक' वाटावं म्हणून पाठीवर इंजिन छापलं. इंजिन ही जाहिरात होती, पुरावा नव्हे.

त्या मुलाला मी म्हटलं, घरी जाऊन आजीला नीट विचार. दुसऱ्या दिवशी तो आला तो धावतच. आजी हसली होती म्हणे. "इनाम कायचं बापा! पगारातले पैसे साचवले अन् घेतलं त्यायनं. डुटीवर उशीर नाई झाला पाह्यजे म्हनून."

मला तर इनामाच्या गोष्टीपेक्षा ही गोष्ट जास्त आवडली. गँगमन रुळावर काम करतो. गाडी केव्हा येणार हे त्याला ठाऊक नसेल, तर काय होईल ते सांगायला नको. त्याने पोटाला चिमटा काढून स्वतःचं घड्याळ घेतलं. मुलाने वहीत लिहिलं: 'रेल्वेचे घड्याळ नाही. रेल्वेवाल्याचे घड्याळ.' मी त्याखाली लाल शाईने 'उत्तम' लिहिलं.

स्वस्त घड्याळाची लाज वाटणाऱ्यांनी सेवाग्रामची आठवण ठेवावी. ३० एप्रिल १९३६ ला गांधीजी तिथे राहायला आले. त्यांच्या कमरेला लटकणारं खिशातलं घड्याळ तुम्ही फोटोंत पाहिलं असेल. त्यांच्याकडचं एक घड्याळ होतं इंगरसोलचं. १८९६ पासून अमेरिकेत ही घड्याळं एका डॉलरला विकली जात, म्हणून त्यांना 'डॉलर घड्याळ' म्हणत. त्यांचं दुसरं घड्याळ झेनिथ कंपनीचं होतं, आणि त्यात खिशातल्या घड्याळात क्वचित आढळणारी गोष्ट होती: गजर! ते १९४७ मध्ये रेल्वेच्या प्रवासात कानपूर स्टेशनवर चोरीला गेलं. गांधीजींना त्याची चुटपूट लागली. काही महिन्यांनी चोराने ते आणून दिलं आणि माफी मागितली. मार्च २००९ मध्ये हेच घड्याळ, चष्मा, चपला आणि जेवणाची भांडी असा संच न्यूयॉर्कच्या लिलावात १८ लाख डॉलरला गेला. नुसत्या यंत्राला कोणी एवढे पैसे दिले असते का? ती किंमत घड्याळ वापरणाऱ्याची होती. म्हणून घड्याळासोबत त्याच्या मालकाची गोष्ट जपली नाही, तर अर्धं घड्याळ हरवलंच म्हणायचं.

हे करू नका

चिंच, राख किंवा पॉलिश लावून पाठ घासू नका. घड्याळ चकाकेल, पण बारीक कोरलेली अक्षरं पुसली जातील. आणि तीच तर आपल्याला वाचायची आहेत. खोबरेल किंवा शिलाई मशीनचं तेल आत सोडू नका. बंद घड्याळाला जोर करून चावी देऊ नका. आत तेल सुकलं असेल तर चाकं झिजतात.

आणि एक फार महत्त्वाचं. जुन्या काही घड्याळांचे आकडे अंधारात चमकण्यासाठी रेडियमचा रंग लावत. गांधीजींच्या त्या गजराच्या घड्याळाच्या तबकडीवरही रेडियम होतं. आता आकडे चमकत नसले, तरी रेडियम संपलेलं नसतं. ते निम्मं व्हायलाच सुमारे १,६०० वर्षं लागतात. आकडे पिवळट-तपकिरी, जाडसर रंगाने भरलेले दिसले तर काच उघडू नका, रंग खरवडू नका आणि ते घड्याळ उशाशी ठेवू नका. डबीत घालून मोठ्यांकडे द्या आणि हात धुवा.

या आठवड्याचा उद्योग

घरात खिशातलं घड्याळ असेल तर वहीचं एक पान त्याच्या नावाने करा. वर घड्याळाचं चित्र काढा, फोटो नको. चित्र काढताना डोळे जास्त पाहतात. खाली आपल्या सहा प्रश्नांची उत्तरं लिहा. जे कळलं नाही तिथे 'माहीत नाही' असं लिहा. अंदाजाने काही भरू नका. मग ते कोणाचं होतं, कुठून आलं, कोणत्या कामाला लागायचं, हे घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारून त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या. हे काम मात्र पुढे ढकलू नका.

घड्याळ चालू असेल तर सात दिवस रोज दुपारी चार वाजता ते मोबाइलच्या वेळेशी ताडून पाहा. किती सेकंद पुढे किंवा मागे, ते लिहा. आठवड्याच्या शेवटी बेरीज करा. ३० सेकंदांच्या आत बसलं तर आजोबांच्या घड्याळाला आणि ते जपणाऱ्याला माझ्यातर्फे शाबासकी! नाही बसलं, तरी हरकत नाही. त्याने बरीच वर्षं चाकरी केली आहे.

घड्याळ नसेल त्यांनी जवळच्या स्टेशनवर मोठ्यांसोबत जावं. गाडी सुटण्याआधी पाठीमागच्या डब्यातल्या ट्रेन मॅनेजरकडे फलाटावरून, लांबूनच पाहावं. हिरवी झेंडी वर जाण्याआधी त्यांची नजर एकदा मनगटाकडे जाते का, तेवढं पाहून या आणि वहीत लिहा.

तुमचे,
गुरुजी